पुंजाजीचा अपमान झाला म्हणे

आपला अपमान झाला आहे, ही बातमी पुंजाजीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळली, आणि तीही गोकुळकडून.

देऊळघाटच्या चौकात गोकुळची पिठाची चक्की होती. दळण टाकलेली बाई दळण होईपर्यंत थांबते आणि थांबलेली बाई बोलते, त्यामुळे गावातली कोणतीही गोष्ट गोकुळकडे गरम पिठासारखीच मिळायची. पुंजाजी गव्हाचा डबा घेऊन गेला तेव्हा गोकुळनं चक्की बंद केली. हा माणूस मयतीची खबर ऐकायलाही फक्त कान पुढे करायचा, चक्कीचा पट्टा काही उतरवायचा नाही. म्हणून पुंजाजी दचकला.

"बसा पुंजाभाऊ. लय वाईट झालं."

"काय झालं बे? कोण गेलं?"

"गेलं कोणी नाही. काल दुसरबीडले तुमचा अपमान झाला ना."

"माहा?"

"मंग काय माहा? सख्खा मामा तुम्ही. अन् टोपी-दुपट्टा कोणाले? नीळकंठ मास्तरले! पाव्हण्यायच्या समोर, भोंग्यावर नाव घेऊन!"

गोष्ट खरी होती. आदल्या दिवशी दुसरबीडला पुंजाजीच्या भाचीचं, काजलचं साक्षगंध झालं. पुंजाजी, त्याची बायको गीताबाई आणि मागच्या गल्लीतले नीळकंठ मास्तर एकाच जीपनं गेले होते. मास्तरांची अर्धी नोकरी दुसरबीडच्या शाळेत गेलेली, काजल त्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून त्यांना वेगळं बोलावणं होतं. साखरपुड्याचे विधी आटोपल्यावर दोन्हीकडच्या मानाच्या माणसांना स्टेजवर बसवून टोपी-दुपट्टा घालायचा कार्यक्रम निघाला. माईकवर ज्ञानेश्वर नावाचा घसा बसलेला गृहस्थ होता. त्यानं पुकारलं, "नवरीचे मामा, देऊळघाटचे पुंजाजी यांनी स्टेजवर यावं." पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदाही पुकारलं. मामा काही आले नाहीत. पाहुणे खुर्च्यांवर चुळबुळ करू लागले. तेव्हा कोणीतरी म्हटलं की देऊळघाटचा कोणीही बसवा, गावाचा मान गावाला पोचल्याशी काम. मास्तर पुढच्याच रांगेत हात जोडून बसले होते. जोडलेले हात सुटायच्या आत त्यांच्या डोक्यावर टोपी बसली.

"अरे पण म्या तिकडं मांगं वरण वाढून राह्यलो होतो," पुंजाजी म्हणाला.

"तेच तर म्हणून राह्यलो! मामाच्या हातात बादली? हा झाला दुसरा अपमान."

"बादली म्या माह्या हातानं घेतली लेका."

"तुम्ही घेतली, कबूल. पण त्यायनं घेऊ काऊन देली?"

पुंजाजीनं डबा खाली ठेवला. वरण वाढणं ही त्याची हौस होती. कोणाच्याही लग्नाला गेला की नमस्कार-चमत्कार आटोपून तो आधी मागच्या मांडवात जायचा, बाह्या वर करायचा आणि बादली ताब्यात घ्यायचा. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पत्रावळीबाहेर थेंब न सांडता, कोणाला किती लागतं ते तोंडाकडे बघून ओळखत तो असा चालत जायचा की जेवणारे 'बस, बस' म्हणेपर्यंत तो पुढच्याच्या पुढे गेलेला असायचा. त्याला त्यात सुख होतं. सुखाच्या जागी अपमान कसा सापडला, ते काही त्याला उमगेना.

डबा तिथंच ठेवून तो घराकडे निघाला, तर शब्द त्याच्यासोबत चालू लागला. अपमान. आजवर पुंजाजीच्या वाट्याला बरंच काही आलं होतं. बापानं भर बाजारात पायताण काढून हाणलं होतं, त्याला गाव 'बापानं हाणलं' इतकंच म्हणालं. कचेरीतल्या बाबूनं त्याचे कागद टेबलावरून खाली सारले होते, तेव्हा सोबतचे लोक म्हणाले, "चालतेच, मोठा साहेब हाय तो." गीताबाईचं तर रोजचंच. पण यातल्या एकालाही कोणी अपमान म्हटलं नव्हतं. अपमान हा पेपरात छापून यायचा शब्द. तो पुढाऱ्यांचा व्हायचा, जातीचा व्हायचा, कधीकधी देशाचा व्हायचा. पुंजाजीसारख्याचा व्हायला तो एवढा स्वस्त कधी झाला? चालता चालता त्याची मान किंचित ताठ झाली. ते त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ती पुन्हा वाकवली. अपमान झालेल्या माणसानं मान कशी धरायची असते, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

गीताबाईला त्यानं सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून ती हसली.

"तुमचा अपमान? काल तुम्ही बुंदी दोनदा मांगून खाल्ली. अपमान झालेला माणूस बुंदी खाते काय?"

"मले तवा मालूम नव्हतं."

"मंग झालाच नाही. आंगावर पाल पडली तर माणसाले समजते, अन् अपमान पडलेला समजत नाही?"

हे पुंजाजीला पटलं आणि तो निवांत झाला. पण दुपारनंतर बाया यायला लागल्या. कोणी म्हणालं, "गीताबाई, तू होय म्हणून सोसलं. म्या असती तर पाटच पलटवला असता." संध्याकाळपर्यंत गीताबाईचं मत फिरलं. तिला सोशिक म्हणायला गाव पहिल्यांदाच तयार झालं होतं, आणि असा मोका दवडणाऱ्यातली ती नव्हती. रात्री ताट वाढताना तिनं नवऱ्याला समजावून सांगितलं, "घरच्या घरात होते, ते बोलणं. चार लोकांत होते, ते बेइज्जती. अन् पाव्हण्यायसमोर, भोंग्यावर होते, तो अपमान. तुमचा तिसरा हाय."

मग माणसं येऊ लागली. सुतक असलेल्या घरी येतात तशी, चपला हळू काढत, खाली मान घालून. चहा व्हायचा. आणि आलेला प्रत्येक जण पुंजाजीच्या अपमानाला जेमतेम हात लावून लगेच स्वतःचा बाहेर काढायचा. एकाला म्हणे मेव्हण्याच्या लग्नात टोपी मिळाली, पण दुपट्टा नाही. एकाचं नाव पत्रिकेत खालून दुसरं होतं, तेही जावयाच्या खाली. एक म्हातारा तर असा अपमान घेऊन आला, की तो करणारा, तो पाहणारे आणि त्यांची मुलंही मरून गेली होती, पण म्हाताऱ्यानं त्याला अजून कीड लागू दिली नव्हती. पुंजाजी ऐकत बसायचा. ऐकता ऐकता आपल्या आत चाचपून बघायचा, की आपला कुठे आहे. दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तशी तो मनातून सगळीकडे जीभ फिरवायचा, आणि सगळे दात धड असायचे.

मात्र एक गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. त्याला ऐकू आलं होतं.

पहिल्यांदा नाव आलं तेव्हा त्याच्या समोर अर्धी पंगत बाकी होती. त्याला वाटलं, एवढी ओळ उरकून जाऊ. तेवढ्यात ओळीच्या टोकाला बसलेल्या, सफारीतल्या जाड माणसानं दोन बोटं वाजवली. "ए वरणवाले! इकडं विसरला काय बे?" हे नवरदेवाचे काका. त्यांच्या मताशिवाय त्या घरात पोळी उलटत नाही, असं त्याच्या बहिणीनं, शालूनंच सकाळी कानात सांगितलेलं. पुंजाजी गेला, वाढलं. काकांनी वर न पाहता भात कालवला आणि म्हणाले, "पाणी पाजून राह्यले सारे." भोंगा पुन्हा बोलला. नवरीचे मामा. मग तिसऱ्यांदा. पुंजाजी बादली घेऊन उभा होता आणि त्याचे पाय उठले नाहीत.

का उठले नाहीत, हा त्याचा खरा घोळ होता. आता वर गेलो तर काका बघतील की आपण ज्याला बोटं वाजवली तो मामा होता, त्यांना ओशाळल्यासारखं होईल, काजलच्या सासरची सुरुवातच वाकडी होईल. म्हणून नाही गेलो? असेल. की वरणाचा शर्ट घालून त्या माणसासमोर टोपी घालून घ्यायची आपल्यालाच लाज वाटली? तेही असेल. आणि रात्री कूस बदलताना एक तिसरा विचार यायचा, की सगळ्या मांडवानं आपल्याला एकदा शोधावं असं वाटलं होतं का? तो विचार आला की पुंजाजी उठून पाणी प्यायचा.

आता ज्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्याचा अपमान झाला, की त्यानं केला? गाव तर रोज चहा पिऊन पहिल्या बाजूनं मत देऊन जात होतं.

एक दिवस नीळकंठ मास्तर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत इस्त्री केलेला दुपट्टा आणि घडी केलेली टोपी.

"पुंजाजी, ही तुमची ठेव. माझ्या डोक्यावर चुकून बसली."

गीताबाईनं दारातूनच अडवलं. "मास्तर, ते घरात आणू नका. उष्टा मान आम्ही घेत नाही."

मास्तर पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी शब्दाचा अर्थ विचारत नसे, त्यामुळे ते न विचारता सांगत. "मी या गोष्टीचा विचार केला. अपमान झाला म्हणायचं तर तो करणारा कोणीतरी लागतो. आणि त्याच्या मनात तसा हेतू लागतो. इथं करणारा कोण?"

"करणारी हाय ना," गीताबाई म्हणाली. "नणंदबाई."

"शालूबाईंनी तर तीनदा नाव पुकारायला लावलं. उलट..." मास्तर थांबले.

"उलट काय?" पुंजाजीनं विचारलं.

"तिकडे उलट बोललं जातंय. सख्ख्या भावाला भोंग्यावरून हाका मारल्या, आणि भाऊ आला नाही. व्याह्यांनी विचारलं, बहीणभावाचं पटत नाही काय? शालूबाईंना रडू आवरेना म्हणे. त्या म्हणतात, अपमान माझा झाला."

मास्तरांनी पिशवी उचलली आणि जाता जाता आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खरं विचाराल तर थोडा माझाही झाला. दुसऱ्याची जागा रिकामी होती म्हणून मला बसवलं. पण माझं जाऊ द्या."

त्या दिवसापासून पुंजाजीची झोप गेली. शालू पाठची बहीण. आईच्या पश्चात तिचं माहेर म्हणजे हाच ओटा. आणि ती तिकडे रडते आहे एका अशा गोष्टीसाठी, जी फक्त त्याला ठाऊक आहे. फोन उचलून सांगावं, तर फोन बंद पडल्यासारखेच होते. तिनं केला तर तिची चूक ठरणार होती, यानं केला तर याची. दोन्हीकडे समजदार माणसं होती आणि दोघांनाही कोणी फोनला हात लावू देत नव्हतं.

काजलचा मात्र एकदा आला. "मामा, लग्नाला येताय ना? मंगलाष्टकाला माझ्या मागं तुम्हीच उभं राहायचं. दुसरं कोणी उभं केलं तर मी बोहल्यावर चढायची नाही."

"येतो ना पोरी, म्या..."

गीताबाईनं फोन काढून घेतला. "मूळ आल्याशिवाय मामा येत नसते बाई. सांग तुह्या मायले."

लग्नाच्या मामाला न्यायला बहिणीच्या घरची माणसं नारळ-कुंकू घेऊन येतात, त्याला मूळ म्हणतात. मूळ आल्याशिवाय मामानं पाऊल उचलायचं नाही, आणि मूळ आल्यावर मामानं नाही म्हणायचं नाही. पण मधल्या मधल्या बऱ्याच जागा मोकळ्या असतात, आणि त्या सगळ्या गोकुळला पाठ होत्या. चक्कीवर त्यानं आखणी करून दिली. "मूळ आलं की घरात लपून बसा. एकडाव वापस धाडा. दुसऱ्या डावाले म्हातारी माणसं येतीन. मंग टोपी-दुपट्टा मांगा, भोंगा लावून. अपमान भोंग्यावर झाला, तर मानही भोंग्यावर."

"अन् वापस धाडलेलं मूळ आलंच नाही तर?"

"तर तिसरा अपमान," गोकुळ म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते दुःख नक्कीच नव्हतं.

लग्न जवळ आलं तशी पुंजाजीनं एका सकाळी टोपी घातली. चष्म्याची दांडी बसवून आणतो, बुलढाण्याला जातो, असं गीताबाईला सांगितलं, आणि बुलढाण्याच्या स्टँडवर उतरून सरळ चिखलीच्या गाडीत बसला. शालूला खरं सांगायचं, एवढंच त्याच्या मनात पक्कं होतं. सांगितल्यावर ती म्हणाली, की मग काजलच्या मागे कोणी दुसरा उभा राहील, तर? त्याच्या पुढचं त्यानं ठरवलं नव्हतं. चिखलीला गाडी बदलताना त्याला दोनदा परत फिरावंसं वाटलं, पण परतीची गाडी भरलेली होती आणि पुढची रिकामी.

दुसरबीडला शालूबाईच्या दारात मांडवाचे खांब उभे होते आणि घरात माणूस दिसेना. शेजारची अन्नपूर्णा तूर पाखडत होती. तिनं पाहिलं आणि सूप तसंच हवेत राहिलं.

"अगं बाई, मामा? तुम्ही हितं कसे?"

"शालू कुठी हाय?"

"त्या सकाळीच गेल्या ना जीप घेऊन, तुमचं मूळ आणायला! देऊळघाटला!"

पुंजाजी खांबाला धरून ओट्यावर बसला. काजल आतून धावत आली, मामाला बघून हसली, आणि मग प्रकार लक्षात येऊन तिचं तोंड रडवेलं झालं. गल्लीतली माणसं एकेक करून दिसू लागली. कोणी काही म्हणालं नाही, पण बिना मुळाचा आलेला मामा कसा दिसतो, हे त्यांना नीट पाहून ठेवायचं होतं. एकानं विचारलं, "लवकर आलात?" पुंजाजी म्हणाला, "हाव." विचारणारा गेला. काजलनं पाणी आणलं, तर कोणीतरी कुजबुजलं की मूळ व्हायच्या आधी मामाला पाणी देतात का. तिनं तांब्या मध्येच धरून ठेवला. पुंजाजीला तहान लागली होती, आणि हा अपमान आहे की रिवाज आहे, हे काही कळत नव्हतं.

मोबाइल वाजला. गीताबाई, दबक्या आवाजात. "अवो, बुलढाण्याहून लवकर निघा. मूळ आलं. नणंदबाई सोता आल्या. म्या सांगतलं, वावरात गेले."

"म्या बुलढाण्यात नाही."

"मंग कुठी हात?"

"शालूच्या ओट्यावर."

पलीकडे काहीतरी पितळी खाली पडलं. मग बराच गलका ऐकू आला. गोकुळचा आवाज सगळ्यात वर होता. त्याला वावरात पाठवलं होतं आणि तो धापा टाकत 'तिथं नाहीत' सांगायला परत आला होता. मग फोन शालूबाईच्या हाती गेला.

"दादा, तू तिथं कशाला गेला?"

"तू तिथं कायले आली?"

"तुझं मूळ आणलं! तुझ्या दारात ताट घेऊन उभी आहे, सगळं गाव बघतंय!"

"म्या तुह्या दारात बसलो हाव. तुह्यंही गाव पाहून राह्यलं."

मग देऊळघाटला गोकुळनं कायदा मांडला, तो फोनवर स्पष्ट ऐकू येत होता. रिकामं मूळ परत नेता येत नाही, अशुभ. मामाला त्याच्या बहिणीच्याच ओट्यावरून बहिणीच्या घरात नेलं तर ते मूळच नव्हे. मामानं देऊळघाटला परत यायचं तर संध्याकाळ होते, आणि संध्याकाळी मूळ उचलत नाहीत. तेव्हा मामानं निघावं, मुळानंही निघावं, आणि साखरखेर्ड्याला भेटावं. तिथं ना माहेर ना सासर, कोणाचाच ओटा नाही.

साखरखेर्ड्याच्या स्टँडसमोर चहाची टपरी होती. पुंजाजी तिच्या बाकावर येऊन बसला, तेव्हा ऊन पार डोक्यावर आलं होतं. चहा गार होऊन साय धरेपर्यंत जीप आली. आधी गोकुळ उतरला, साक्षीदाराच्या तोऱ्यात. मग दोन बाया, मग गीताबाई, आणि शेवटी ताट घेऊन शालूबाई. तिचे डोळे सुजलेले होते. टपरीवरच्या माणसांनी कप खाली ठेवले.

"शालू, कुंकू मांगून. आधी एक ऐक."

तो तिला टपरीच्या मागे, थंड्याच्या बाटल्यांच्या रिकाम्या क्रेटांजवळ घेऊन गेला. तिनं ताट पदराखाली धरलं होतं.

"त्या दिवशी मले ऐकू आलं होतं."

"काय?"

"नाव. तिन्ही डाव."

शालूबाई त्याच्याकडे बघत राहिली. दुसरबीडला दिल्यापासून तिचं 'मले' जाऊन 'मला' आलं होतं. तिकडची बोली तिनं कौतुकानं उचलली होती. ते आता गळून पडलं.

"तुले ऐकू आलं? अन् तू आला नाही? काऊन?"

"मले समजत नाही. तुहा तो व्याही... नवरदेवाचे काका, मले वरणवाला समजले. बोटं वाजवली. म्या म्हटलं, आता वर गेलो तर त्यायले लाज वाटीन. का मलेच वाटली. का आणखी काही." तिसरा विचार त्याच्या ओठांपर्यंत आला होता. "मले खरंच समजत नाही शालू. गाव म्हणते माहा अपमान झाला. म्या लय शोधला. सापडून नाही राह्यला."

"अन् माहा?" ती म्हणाली. "माहा सापडला तुले? म्या त्या ज्ञानेश्वरले सारे जमले तिथं शिव्या घातल्या. भोंगा उलटा बांधला म्हणून. तो बिचारा हात जोडून गेला. सासूले सांगतलं, माहा दादा असा नाही. व्याह्यायच्या पाया पडली. म्या कोणाकोणासमोर खोटी पडली, तुले मालूम हाय?"

"म्हणून तर सांगाले आलो. तू म्हणशील तर दुसरा मामा उभा कर. म्या मांगं बसतो."

शालूबाईनं ताट एका क्रेटवर ठेवलं. पुंजाजीला वाटलं ती रडेल. तो त्याला तयार होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी तो उभा राहिला असता. पण तिनं पदरानं तोंड पुसलं, ताट उचललं, आणि त्याच्या आधी टपरीसमोर आली.

"ऐका वो," ती मोठ्यानं म्हणाली. 'मला' पुन्हा जागेवर आलं होतं. "दादानं आता मला सगळं सांगितलं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. भोंग्याचं तोंड रस्त्याकडं होतं, मागं भांड्यांचा आवाज. माझ्या दादाची कशातच चूक नाही."

"म्या पयल्या दिवसापासून हेच म्हणून राह्यलो!" गोकुळ म्हणाला.

"शालू..." पुंजाजीनं तोंड उघडलं.

तिनं कुंकवाचा अंगठा त्याच्या कपाळावर असा टेकवला, की त्याचं डोकं मागे गेलं. अंगठा तिथंच राहिला, दाबलेला. ती त्याच्या डोळ्यांत पाहत नव्हती, कपाळाकडेच पाहत होती, दगडाच्या देवाला लावावं तसं. मग नारळ त्याच्या हातात आला. टपरीवाल्यानं उगाचच टाळी वाजवली आणि दोघातिघांनी ती धरली.

"चाल, बस," ती हळूच म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल असं. "काजलच्या मांगं तूच उभा राहशील. बाकीचं लग्न झाल्यावर."

ड्रायव्हरनं पुढची सीट रुमालानं झटकली. पुंजाजीला मागे बसायचं होतं, पण मामाला मागे कोण बसू देणार? तो पुढे बसला, मांडीवर नारळ घेऊन. मागे बाया भोंगा कसा बांधावा यावर बोलू लागल्या. ज्ञानेश्वर कसा मुळातच बेजबाबदार आहे, यावर सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. शालूबाईही त्यात दोन शब्द घालत होती. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, आणि पुंजाजीला त्या आवाजाकडे वळून पाहायचं धाडस होईना.

इतके दिवस चहा पीत, लोकांचं ऐकत, त्यानं आत जी जागा शोधली होती, ती कुठे होती कोण जाणे. आता मात्र काहीतरी होत होतं. कान पेटल्यासारखे झाले होते. कोणी त्याला बोललं नव्हतं. उलट सगळ्यांनी मिळून त्याला निर्दोष सोडलं होतं.

गीताबाई मागून पुढे वाकली. "अवो, तुमचे कान काऊन असे लाल झाले?"

"काय मालूम," पुंजाजी म्हणाला. आणि ते खरं होतं.

गोकुळला शांतता सोसत नसे. "मंग पुंजाभाऊ," तो खुशीत म्हणाला, "मिटला ना अपमान?"

"चूप बस बे!"

पुंजाजी एवढ्या जोरात ओरडला की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला. आजवर गावानं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. मग मागच्या बायांपैकी एकीनं समाधानानं सुस्कारा सोडला. "हां, आता बोलला मामा," ती म्हणाली. "लागलं होतं बिचाऱ्याले. येवढे दिवस पोटात ठेवलं." बाकीच्यांनी माना हलवल्या. गोकुळनंही हलवली, कारण मामाला लागलं होतं हे त्यानंच सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. शालूबाई तेवढी खिडकीबाहेर बघत राहिली. जीप दुसरबीडच्या रस्त्याला लागली, आणि ड्रायव्हरनं मामाच्या मानासाठी गाणं लावावं की नको, हे विचारायला आरशातून मागे पाहिलं. पण कोणीच काही सांगेना, तेव्हा त्यानं ते लावलं नाही.